विरुद्ध पक्षाची हरकत नाही

कर्नल फुलर यांच्या आराखड्याबरहुकूम सुमारे साडेसोळा लाख रुपये खर्चून 1878 साली पुऱ्या झालेल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या दगडी इमारतीत, खांबांच्या माथ्याकडे पाहण्याइतकी फुरसत ज्यांना आहे (आणि पक्षकाराजवळ दुसरे काही नसले तरी फुरसत विपुल असते), अशा प्रेक्षकांना एके ठिकाणी हाती तराजू घेतलेले व एका डोळ्यावर पट्टी बांधलेले न्यायाधीशाच्या भूमिकेतील माकड आणि दुसरीकडे गळ्यात वकिली बँड बांधलेला कोल्हा कोरलेला दिसतो. दंतकथा अशी सांगतात की, बांधकामावरील एका पारशी कंत्राटदाराचे इंग्रज कंत्राटदाराशी बिनसले, प्रकरण न्यायालयात गेले, तेथे पारशी गृहस्थ हरले, आणि हरलेल्या माणसाला अपिलाची जी मुदत असते तिची वाट न पाहता त्यांनी आपले अपील थेट दगडात दाखल केले. या कथेच्या खरेपणाबद्दल मी प्रतिज्ञापत्र करणार नाही. परंतु एक गोष्ट कोणालाही डोळ्यांनी पडताळता येईल : वकिलाच्या बुद्धीविषयी, सचोटीविषयी आणि कुळाविषयी जे म्हणायचे ते बेधडक म्हणून टाकणाऱ्या त्या कारागिराने कोल्ह्याला बँडाशिवाय मात्र उभे केलेले नाही. राग कितीही अनावर झाला तरी पोशाखाच्या बाबतीत तक्रारीला जागा राहू नये, ही जी सावधगिरी त्याला छिन्नी चालवतानाही सुटली नाही, तीच आजतागायत न्यायालयातील सर्व सौजन्याचा पाया होऊन राहिली आहे.

वकिलाने चारचौघांत कसे वागावे हे ठरविण्याचे काम आपल्याकडे त्याच्या मातापित्यांवर सोपविलेले नाही. 1961 च्या अधिवक्ता अधिनियमाने ते भारतीय विधिज्ञ परिषदेकडे दिले असून, न्यायालयाशी, अशिलाशी, प्रतिपक्षाशी आणि व्यवसायबंधूंशी वर्तन कसे ठेवावे याची नियमावली परिषदेने सिद्ध केली आहे. तिच्या प्रास्ताविकातच असे बजावले आहे की, वकील हा न्यायालयाचा अधिकारी, समाजातील विशेषाधिकार लाभलेला घटक आणि शिवाय सद्गृहस्थ असल्यामुळे, इतरेजनांच्या बाबतीत जे कायद्याला व नीतीला धरून असेल तेही त्याला अशोभनीय ठरू शकते. स्त्रियांना वकिलीचे दार 1923 च्या कायद्याने मोकळे झाले असताना, त्यानंतर कित्येक दशकांनी रचलेल्या नियमावलीने त्यांनाही सद्गृहस्थांतच जमा धरले, आणि महिला वकिलांनी ते विनातक्रार चालवून घेतले, यावरून सौजन्याचा भार मुख्यतः कोण वाहते हे वाचकांनी ताडावे. नियमावली पुढे असेही सांगते की, वकिलाने अशिलाचे निव्वळ मुखपात्र होऊ नये; पत्रव्यवहारात, लेखी निवेदनात व युक्तिवादात भाषेचा तोल सोडू नये; जाहिरात करू नये, पाटी लावलीच तर ती वाजवी आकाराची असावी; आणि ऐपतदार अशिलाकडून नियमाने आकारता येणाऱ्या फीपेक्षा कमी फी स्वीकारू नये. हे सगळे नियम सारख्याच कसोशीने पाळले जातात असे विधान करणे धाडसाचे होईल, तथापि शेवटच्या नियमाचा भंग झाल्याची तक्रार घेऊन आलेला अशील अद्याप माझ्या पाहण्यात नाही.

पोशाखाबाबत परिषदेने थोडी दयाही दाखविली आहे. उन्हाळ्यात सर्वोच्च व उच्च न्यायालये सोडून अन्यत्र काळा कोट सक्तीचा नाही. असे असूनही एप्रिलअखेरीस अकोल्याच्या किंवा चंद्रपूरच्या न्यायालयाच्या आवारात, सावलीतला कुत्राही जागचा हलत नाही अशा भर दुपारी, अंगावर कोट चढवून एका कोर्टातून दुसऱ्या कोर्टात लगबगीने जाणारे वडीलधारे वकील दृष्टीस पडतात. ही न्यायासनाविषयीची भक्ती आहे असे कोणी समजू नये. बिनकोटाच्या वकिलाला फी देताना अशिलाचा हात आखडतो, एवढाच त्यातला व्यवहार आहे.

न्यायालयीन सौजन्याचा खरा चमत्कार मात्र पोशाखात नाही, तो लेखी भाषा आणि तोंडी भाषा यांच्या फारकतीत आहे. समजा, बांधाचा दावा आहे. वादीने दावा दाखल केला, प्रतिवादीला समन्स पोचले, आणि प्रतिवादीच्या वकिलांनी यथावकाश कैफियत दिली. तिचा पहिलाच परिच्छेद असा असतो की, दाव्यातील संपूर्ण मजकूर हा धादांत खोटा, खोडसाळ, बनावट, काल्पनिक व लबाडीचा असून तो प्रतिवादीस मान्य व कबूल नाही. त्यानंतर परिच्छेदागणिक हीच माळ ओढली जाते, आणि शेवटाकडे वादी हा अत्यंत धूर्त, खुनशी व कज्जेदलाल प्रवृत्तीचा इसम असून तो स्वच्छ हातांनी न्यायालयासमोर आलेला नाही, सबब त्याचा दावा खर्चासह नामंजूर व्हावा, अशी विनंती असते. हे वाचून नवख्या माणसाची अशी समजूत होईल की, ही कैफियत देणारा आणि घेणारा या दोघांची गाठ पडली तर मध्ये पोलीस बंदोबस्त लागेल. प्रत्यक्षात काय घडते ते मी जवळून पाहिले आहे.

"नाना, ही घ्या प्रत. जरा उशीरच झाला. चिरंजीवांचं कार्य कसं पार पडलं?"

"छान झालं. तुम्ही आला नाहीत."

"अहो, औरंगाबादला मॅटर होतं. तेवढं 'प्रत मिळाली' म्हणून सही करा."

नानांनी उभ्याउभ्याच चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, आपल्या अशिलाचे खुनशी व कज्जेदलाल असे केलेले वर्णन शांतपणे वाचले, सही केली, आणि कागद परत देता देता म्हणाले, "परिच्छेद सातमध्ये घोटाळा झालाय तुमचा. बाप वारला नव्वद साली, आणि त्यालाच तुम्ही वादी म्हटलंय. मयताला शिव्या कशाला देता? दुरुस्त करून घ्या, नाहीतर उद्या आम्हालाच हरकत घ्यावी लागेल." प्रतिवादीचे वकील आभार मानून आवारातल्या टंकलेखकाकडे वळले, आणि जिवंत वादीस मयताच्या जागी बसवून पाच विशेषणांसह नवी प्रत तासाभरात तयार झाली.

या विशेषणांमागे द्वेष नसतो, कायदा असतो. दिवाणी प्रक्रिया संहिता असे सांगते की, वादीने केलेले विधान प्रतिवादीने नेमकेपणाने नाकारले नाही तर ते कबूल केल्यासारखे धरले जाईल. त्यामुळे नाकारताना हात आखडता घेणे परवडत नाही, आणि खोटे म्हटल्यावर बनावट म्हणायचे राहून गेले तर बनावट नसल्याची कबुली दिली असे कोणी उद्या म्हणेल, या धास्तीने विशेषणांची संख्या पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेली आहे. त्याच संहितेच्या सहाव्या आदेशात निष्कारण, निंदाव्यंजक वा छळवादी मजकूर काढून टाकण्याचा अधिकार न्यायालयाला दिलेला आहे. परंतु तो अधिकार सरसकट वापरायचे ठरविल्यास कित्येक कैफियतींत नाव, वय, धंदा आणि कोर्ट-फी स्टॅम्प एवढेच शिल्लक राहील, हे जाणून न्यायाधीशही तो जपून वापरतात. शिवाय अशिलाचा विचार करावा लागतो. त्याला युक्तिवाद समजत नाही, कलमे समजत नाहीत, विशेषणे समजतात. टंकलेखकाच्या बाकड्याशी उभे राहून तो कैफियत वाचून घेतो, 'लबाडीचा' या शब्दापाशी मान डोलावतो, आणि 'खुनशी' राहिले असेल तर घालायला सांगतो. पैसे त्याचे असल्यामुळे ते घालण्यात येते.

साक्षीदाराच्या वाट्याला येणारे सौजन्य याहून निराळ्या जातीचे असते. सर फिट्झजेम्स स्टीफन यांच्या हातून घडलेल्या 1872 च्या पुराव्याच्या कायद्यात असे एक कलम होते की, वाजवी आधार असल्याखेरीज साक्षीदाराला त्याच्या अब्रूला धक्का लावणारा प्रश्न विचारू नये. 'वाजवी आधार' म्हणजे काय हे वकिलांच्या विवेकावर सोडणे स्टीफनसाहेबांना सुरक्षित वाटले नसावे, म्हणून त्यांनी कलमाखाली दरोडेखोराचे उदाहरण घेऊन चार दृष्टांत दिले. महत्त्वाचा साक्षीदार दरोडेखोर आहे असे बॅरिस्टराला अॅटर्नीने सांगितले असेल, तर 'तू दरोडेखोर आहेस काय?' असे विचारण्यास तो वाजवी आधार होय. न्यायालयात बसलेल्या एखाद्या माणसाने ती माहिती दिली व खोदून विचारता समाधानकारक कारणे सांगितली, तरीही चालेल. मात्र ज्याच्याविषयी काडीचीही माहिती नाही अशा साक्षीदाराला सहज जाता जाता 'तू दरोडेखोर आहेस काय?' असे विचारू नये. आणि चौथा दृष्टांत तर अपूर्वच आहे : माहिती काहीच नाही, परंतु साक्षीदाराला त्याच्या राहणीविषयी व उपजीविकेविषयी विचारले असता त्याने समाधानकारक उत्तरे दिली नाहीत, तर तो दरोडेखोर आहे काय असे विचारण्यास तेवढे पुरेसे ठरू शकेल. हा चौथा दृष्टांत वाचल्यापासून, नोकरी शोधणाऱ्या पदवीधर तरुणाने साक्षीला उभे राहू नये, असे माझे मत झाले आहे. 1 जुलै 2024 पासून स्टीफनसाहेबांचा कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आला. बॅरिस्टर आणि अॅटर्नी त्यातून निवृत्त झाले, परंतु दरोडेखोर आपल्या जागी कायम आहे.

त्या कायद्याने न्यायाधीशाला असाही अधिकार दिला होता, आणि नव्या कायद्यानेही तो ठेवला आहे, की अपमान करण्याच्या किंवा छळण्याच्या हेतूने विचारलेला, अथवा मुळात योग्य पण रूपाने निष्कारण झोंबणारा प्रश्न त्याने मना करावा. झोंबणे आणि निष्कारण झोंबणे यांतील सीमा कोठे आखावी हे प्रत्येक न्यायाधीश आपापल्या प्रकृतीप्रमाणे ठरवतो. उलटतपासाच्या अखेरीस मात्र एक प्रश्न असा येतो की, जो झोंबणारा असूनही कोणी मना करीत नाही, कारण तो विचारल्याशिवाय उलटतपास पुरा झाला असे कोणालाच वाटत नाही. आपली बाजू साक्षीदारापुढे स्पष्ट मांडून त्याला ती नाकारण्याची संधी द्यावी लागते. न दिल्यास त्याची साक्ष आपल्याला मान्य होती असा अर्थ पुढे काढला जाण्याचा संभव असतो. म्हणून उलटतपास करणारे वकील, सत्तरी ओलांडलेल्या, धोतराचा सोगा सावरीत पिंजऱ्यात उभ्या असलेल्या शेतकऱ्याला अतिशय मृदू स्वरात म्हणतात, "आबा, आता शेवटचंच विचारतो. तुम्ही वादीचे चुलतभाऊ, म्हणून त्याला मदत व्हावी यासाठी तुम्ही आज शपथेवर धडधडीत खोटं बोलताय, असं माझं म्हणणं आहे."

आबा आयुष्यात प्रथमच न्यायालयात आलेले असतात. सकाळपासून 'आबा' म्हणून आर्जवाने बोलणारा, पाणी हवे का म्हणून विचारणारा हा काळ्या कोटातला मुलगा शेवटी असे काही म्हणेल याची त्यांना कल्पना नसते. त्यांच्या हनुवटीला कंप सुटतो. दोन्ही हात कठड्यावर येतात. आणि गावच्या चावडीवर ज्या पट्टीत बोलायची सवय आहे त्या पट्टीत ते वकिलांच्या जन्माविषयी, शिक्षणाविषयी व ते शिक्षण देणाऱ्या गुरुजनांविषयी आपले स्पष्ट अभिप्राय देतात. मागच्या बाकावर झोपलेले दोन पक्षकार जागे होतात. पट्टेवाला 'हळू, हळू' असे पुटपुटतो. न्यायाधीश मान वर न करता, कागदावरची नजर न काढता, संथ व एकसुरी आवाजात लघुलेखकाला सांगतात : "मी वादीचा चुलतभाऊ असल्याने त्यास मदत व्हावी म्हणून खोटी साक्ष देत आहे, हे म्हणणे खरे नाही." आबांच्या मुखातून निघालेल्या त्या ओजस्वी गद्याचे एवढेच अक्षर दप्तरी राहते. साक्ष वाचून दाखवतात, आबा अंगठा करतात, आणि खाली उतरताना तेच वकील हात पुढे करून म्हणतात, "आबा, पायरी जपून."

या लेखनिक प्रक्रियेचे उपकार आपण पुरेसे जाणत नाही. आपल्या जिल्हा न्यायालयांच्या दप्तरांत कोट्यवधी पाने शपथेवरील भांडणांनी भरलेली असताना त्यांत शिवी म्हणून सापडणार नाही. आणि सापडलीच, तर ती फिर्यादीत आरोपीच्या तोंडी, अवतरणचिन्हांत, निशाणी क्रमांकासह सापडेल.

न्यायासनाशी बोलण्याची रीत हा स्वतंत्र प्रांत आहे. 'माय लॉर्ड' आणि 'युअर लॉर्डशिप' ही संबोधने वसाहतकाळाचे अवशेष आहेत असे 2006 साली विधिज्ञ परिषदेने नमूद केले आणि वरिष्ठ न्यायालयांत 'युअर ऑनर' अथवा 'ऑनरेबल कोर्ट', तर खालच्या न्यायालयांत 'सर' किंवा प्रादेशिक भाषेतला तत्सम शब्द वापरावा असे सुचविले. तालुक्याच्या न्यायालयाला या क्रांतीची झळ पोचली नाही, कारण तेथे 'साहेब' आणि 'मॅडम' पूर्वीपासूनच सुखाने नांदत होते. उच्च न्यायालयात मात्र नियम कागदावर आणि 'माय लॉर्ड' जिभेवर अशी वाटणी झाली. ज्या वकिलाचा मनाई हुकमाचा अर्ज पटलावर आहे त्याने वसाहतवादाशी लढा नेमका त्याच दिवशी सुरू करावा, ही अपेक्षाही अवाजवीच म्हणावी लागेल. आदराच्या शब्दांना तेथे एक प्रकारचे मोजमाप आहे. वकील नुसता 'आदरपूर्वक' म्हणाला तर न्यायमूर्तींचे मत त्याला पटलेले नाही. 'अत्यंत आदरपूर्वक' म्हणाला तर ते कोणालाच पटणार नाही असे त्याला वाटते. आणि 'परमोच्च आदरासह' अशी सुरुवात झाली की मागे बसलेला ज्युनिअर अपिलाचा मसुदा मनात जुळवू लागतो.

आदर देण्याच्या या कलेत आदर मागूनही घेता येतो, हे दाखविणारी एक गोष्ट मुंबईच्या बारमध्ये बॅरिस्टर जिना यांच्या नावावर सांगितली जाते. युक्तिवाद चालू असता न्यायमूर्तींनी त्यांना बजावले की, आपण तिसऱ्या वर्गाच्या मॅजिस्ट्रेटपुढे बोलत नाही हे ध्यानात ठेवा. त्यावर जिनांनी नम्रपणे असा प्रतिइशारा दिला की, न्यायमूर्तींच्या समोरही तिसऱ्या वर्गाचा वकील उभा नाही. वाक्याचा साचा न्यायमूर्तींचाच, 'माय लॉर्ड' जागच्या जागी, आवाजाची पट्टी तीच. आता यात अवमान कोठे झाला हे न्यायमूर्तींनीच शोधून काढावे. शिष्टाचाराची ढाल भक्कम असली की तिच्याआडून तलवार किती लांबवर फिरवता येते, त्याचा हा मासला होय.

पण त्याच जिनांची दुसरी हकीकत मला अधिक मोलाची वाटते, आणि ती मुख्य न्यायमूर्ती छगला यांनी, जे तरुणपणी जिनांच्या चेंबरमध्ये उमेदवारी करीत होते, आपल्या आत्मचरित्रात नोंदवून ठेवली आहे. 1897 च्या राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांचा जामीन मिळवून देणारे बॅरिस्टर होते दिनशा दावर. 1908 साली तेच दावर न्यायमूर्तींच्या आसनावर होते. टिळकांच्या वतीने जिनांनी केलेला जामिनाचा अर्ज त्यांनी फेटाळला, आणि टिळकांनी एकवीस तासांहून अधिक काळ स्वतःच आपली बाजू मांडल्यानंतर त्यांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा फर्मावताना, बँड बांधलेल्या माणसाला न शोभणारी कठोर भाषाही वापरली. पुढे दावरांना 'सर' हा किताब मिळाला तेव्हा त्यांच्या सन्मानार्थ बारने मेजवानी योजून सह्यांसाठी पत्रक फिरविले. जिनांनी सही केली नाही. देशभक्ताला निष्ठुरपणे शिक्षा करून सरकारची मर्जी संपादणाऱ्याला मेजवानी देण्याची बारला लाज वाटली पाहिजे, अशा आशयाचा शेरा त्यावर मारून ते परत पाठविले. दावरांनी त्यांना बोलावून घेतले आणि विचारले की, माझ्या न्यायालयात तुम्हाला मी नेहमी कसे वागविले? जिनांनी सांगितले की, फार चांगले वागविलेत. मग हा शेरा का? तर, खरे वाटले म्हणून. आपण मला कितीही चांगले वागविले असले तरी टिळकांचा खटला आपण ज्या रीतीने चालविला त्याविषयीच्या भावना मला दाबून टाकता येत नाहीत. सौजन्य सोडून बोलणे आणि सौजन्याची किंमत म्हणून गप्प बसणे, या दोन्ही गोष्टी टाळता येतात एवढे यावरून दिसते. टिळकांनी शिक्षेपूर्वी उच्चारलेले शब्द 1956 साली त्याच न्यायालयात शिलेवर कोरून बसविण्यात आले आणि तिचे अनावरण छगलांनीच केले, तेव्हा कोल्हा आणि माकड यांना बऱ्याच वर्षांनी चांगली सोबत मिळाली.

आता पक्षकाराकडे वळतो. या साऱ्या सौजन्याकडे तो ज्या दृष्टीने पाहतो ती दृष्टी वकिलांच्या लक्षात येत नाही असे नाही, पण ते तिच्याकडे लक्ष देत नाहीत. पक्षकाराची न्यायालयाविषयीची कल्पना चित्रपटगृहात तयार झालेली असते. तेथे न्यायाधीश लाकडी हातोडा आपटतो, वकील टेबलावर मूठ आपटतो, आणि आरोपीची आई जमिनीवर कपाळ आपटते. आपल्या न्यायालयात हातोडा नसतो हे पाहूनच तो अर्धा खचतो. त्यातून त्याने जमीन गहाण टाकून, विरुद्ध बाजूच्या वकिलाची भर कोर्टात खोड मोडावी म्हणून केलेला वकील त्याच विरुद्ध वकिलाला 'माझे विद्वान मित्र' म्हणतो, तो उभा राहिला की आपण खाली बसतो, त्याच्या हातून पडलेले पुस्तक उचलून देतो, आणि दुपारच्या सुट्टीत बार रूममध्ये त्याच्याच डब्यातले वांग्याचे भरीत खातो. दाराच्या जाळीतून हे दृश्य पाहिल्यावर पक्षकाराच्या मनात जो विचार येतो, तो महाराष्ट्रातल्या सगळ्या जिल्ह्यांत एकाच शब्दांत व्यक्त होतो : आपला वकील फुटला!

त्याची समजूत घालणे अवघड आहे. पक्षकार न्यायालयात आयुष्यातून एकदा येतो, फार तर त्याच्या बापाने मागे ठेवलेल्या दाव्यासाठी दोनदा. ते दोन वकील मात्र रोज सकाळी अकरा वाजता एकाच बाकावर येऊन बसणार असतात, आणि आज वादीकडून बोलणारा उद्या दुसऱ्या दाव्यात प्रतिवादीकडून बोलताना आजचाच मुद्दा आज आपण खोडला तितक्याच निष्ठेने मांडणार असतो. अशा स्थितीत प्रत्येक दाव्याचे वैर डोक्यावर घेऊन घरी जायचे म्हटले तर वर्षाअखेरीस गावात बोलायला माणूस उरणार नाही. अशिलाने आपला राग फी भरून वकिलाकडे सोपविला, तो वकिलाने कागदोपत्री दाखल करून घेतला, त्याला निशाणी क्रमांक पडला, आणि राग दप्तरात बांधला गेला. तो बांधला जावा हीच त्या साऱ्या खटाटोपाची योजना आहे, हे समजायला पक्षकाराला दोन-तीन दावे लढावे लागतात, आणि तितकी जमीन सर्वांकडे नसते.

सौजन्याचा सर्वात महाग प्रकार म्हणजे मुदत अर्ज. विरुद्ध वकिलांची प्रकृती बरी नाही, किंवा ते उच्च न्यायालयात गुंतले आहेत, किंवा अशिलाकडून माहिती मिळावयाची आहे, सबब आजचे कामी मुदत मिळावी, असा चार ओळींचा अर्ज येतो. त्यावर आपल्या वकिलांचे म्हणणे मागितले जाते, आणि आपले वकील, आपण पहाटेच्या एस.टी.ने साक्षीदार व त्याच्या चहापाण्याचा खर्च घेऊन आलो आहोत हे पक्के ठाऊक असताना, त्या अर्जाच्या समासात सुंदर अक्षरात लिहितात : 'हरकत नाही.' 2002 पासून दिवाणी प्रक्रिया संहितेत अशी तरतूद झाली आहे की, सुनावणी चालू असता एका पक्षाला तीनपेक्षा अधिक वेळा तहकुबी देऊ नये. ही तरतूद किती सौजन्याने पाळली जाते हे कोणत्याही जुन्या दाव्याच्या रोजनाम्यावरून समजेल. अर्थात ज्या दिवशी आपल्या वकिलांच्या घरी कार्य असते त्या दिवशी समोरचे वकीलही तेच दोन शब्द लिहितात, पण त्या दिवशी आपण न्यायालयात गेलेलोच नसतो, त्यामुळे ती परतफेड आपल्या दृष्टीस पडत नाही.

अशी एक-दोन वर्षे काढल्यावर संतापलेला पक्षकार ठरवतो की, हा मिळमिळीत वकील आता पुरे. गावातला कोणीतरी त्याला सांगतो की, अमुक एक वकील भारी आहेत; बोलायला लागले की बाहेर रस्त्यावर ऐकू येते, समोरच्याला उभे राहू देत नाहीत, साहेबांनाही ऐकवतात. पक्षकार त्यांच्याकडे जातो. तेही त्याची कर्मकहाणी ऐकतात, मध्येच टेबलावर मूठ आपटतात, पहिल्या वकिलाने दाव्याची कशी माती केली ते परिच्छेदवार दाखवतात, आणि पक्षकाराचा ऊर भरून येतो. वकीलपत्रावर सही करण्यासाठी तो पेन उघडतो, तेव्हा नव्या वकिलांचा आवाज एकाएकी खाली येतो.

"हे बघा, आधीच्यांचं वकीलपत्र दप्तरात आहे. त्यांच्या संमतीशिवाय मला दाखल होता येत नाही. नियमच आहे तसा. त्यांची ना हरकत तेवढी घेऊन या."

"त्यांनी नाही दिली तर?"

"तर मग कोर्टाला अर्ज करून परवानगी मागावी लागेल. पण देतील हो. सज्जन माणूस आहे. आणि जाताना रिकाम्या हातानं जाऊ नका, मागची फी राहिली असेल तर ती आधी द्या."

पक्षकार दुसऱ्या दिवशी मान खाली घालून जुन्या वकिलांच्या कचेरीत जातो. ते त्याला बसायला सांगतात, चहा मागवतात, पावसाची चौकशी करतात, शिलकी फीचे पैसे मोजून घेऊन त्याची पावती देतात, संचिकेतले कागद यादीनिशी त्याच्या हवाली करतात, आणि मग त्याच सुंदर अक्षरात वकीलपत्राच्या कोपऱ्यात दोन शब्द लिहून खाली सही करतात. नव्या वकिलांची पहिली तारीख त्यानंतर दोन आठवड्यांनी असते. त्या दिवशी त्यांना दुसऱ्या कोर्टात उलटतपास असल्यामुळे ते मुदत अर्ज देतात, आणि विरुद्ध पक्षाची त्याला हरकत नसते.